शाळेचे पत्र आणि घराची भाषा

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्यांनी पृष्ठाचे दोन उभे स्तंभ पाडले, एकात इंग्रजी मजकूर घातला, दुसऱ्यात मराठी, आणि परस्परांची भाषा न जाणणाऱ्या दोन वाचकवर्गांपुढे एकच वृत्त एकाच दिवशी ठेवले. मराठी वृत्तपत्राचा जन्मच असा दोन भाषांच्या मांडीवर झालेला असल्यामुळे, एक मजकूर दोन भाषांत लिहून एका समाजापर्यंत पोहोचविणे किती जोखमीचे असते, हे मराठी वाचकास निराळे सांगावयास नको. त्या दोन स्तंभांची मला पुन्हा आठवण झाली ती एका अगदी घरगुती कागदामुळे. फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळा आपल्या विद्यार्थ्यांच्या कुटुंबांस आठवड्याला किंवा महिन्याला जे वृत्तपत्रक धाडतात, तो हा कागद.

वरवर पाहता ह्या पत्रकात चिंतनास योग्य असे काही नसते. वर्ग कधी सुरू होणार, बर्फ पडल्यास शाळेची बस येणार की नाही, छायाचित्रे काढण्याचा दिवस कोणता, एका वर्गात उवा झाल्याची इतिला आणि त्यावरचा इलाज, हरवलेल्या हातमोज्यांचा ढीग कोठे ठेवला आहे, सप्टेंबरात टेरी फॉक्सच्या स्मरणार्थ होणारी दौड, फेब्रुवारीतील हिवाळी उत्सव आणि बर्फावर ओतून मुलांना चाखायला दिलेला मेपलचा पाक, २० मार्चच्या सुमारास येणारा फ्रेंच भाषिक जगाचा दिवस, पालक-प्रतिनिधींची निवड: कॅनडातल्या अशा एखाद्या शाळेच्या पत्रकात एवढाच मजकूर असावयाचा. परंतु एका भाषेच्या शाळेत जे पत्रक केवळ खबर देते, तेच दोन भाषांच्या शाळेत, ही शाळा कोणाची, ह्या प्रश्नाचे उत्तर नकळत देऊन जाते. कोणती भाषा वर छापली आणि कोणती खाली, कोणत्या भाषेत सबंध मजकूर आला आणि कोणत्या भाषेत नुसता गोषवारा, सभेचे आमंत्रण दोन्ही भाषांत पण सभेचा वृत्तांत एकाच भाषेत का, ह्यावरून घरातल्या माणसाला आपली जागा कळते. द्विभाषी शिक्षणाविषयी गेल्या साठ वर्षांत विपुल लिहिले गेले. पण त्यातील बहुतेक लेखन मुलाच्या बुद्धीविषयी, तासांच्या वाटणीविषयी आणि परीक्षेतील गुणांविषयी आहे, मुलाच्या मागे उभ्या असलेल्या घराविषयी त्या मानाने फार थोडे. माझे मत असे की अशा शाळेचे द्विभाषिकत्व वर्गापेक्षाही ह्या पत्रकात अधिक कसाला लागते, कारण वर्गात बसणारे मूल दोन भाषा शिकण्यासाठीच आलेले असते आणि पत्रक वाचणारा पालक मात्र पुष्कळदा त्यांतली एकच जाणत असतो, आणि कधी कधी तीही धड नाही.

हे मत मी पुस्तकांतून घेतलेले नाही. मुलाच्या घरी ओंटारियोत एक हिवाळा काढला, तेव्हा माझी नात तेथील फ्रेंच माध्यमाच्या वर्गात दुसरीत होती. घरात मराठी, रस्त्यावर इंग्रजी आणि वर्गात फ्रेंच असा तिचा दिवस तीन खणांत वाटलेला असे. शाळेचे अधिकृत पत्र इंग्रजीत येई. पण बाईंनी फळ्यावर लिहिलेली रोजची सूचना मुले आपल्या टिपणवहीत फ्रेंचमध्ये उतरवून आणीत. एका बुधवारी तिच्या वहीत ‘शुक्रवार: झुर्ने पेदागॉझिक’ असे शब्द आले. शब्दकोश काढून आम्ही अर्थ लावला, तो ‘शैक्षणिक दिवस’ असा निघाला, आणि शैक्षणिक दिवस म्हणजे त्या दिवशी काही विशेष पाठ असणार, अशा समजुतीने सुनेने तिला धुतलेले कपडे घालून, डबा देऊन, उणे पंधरा अंशांच्या थंडीत शाळेच्या दाराशी नेले. दार बंद होते. त्या शब्दांचा तेथील रूढ अर्थ, शिक्षकांचा अभ्यासवर्ग असल्यामुळे मुलांना सुटी, असा होता. इंग्रजी पत्रात ती सुटी दोन आठवड्यांपूर्वी जाहीर झालेली होती, पण पत्रांच्या गर्दीत ते पत्र आमच्या नजरेतून सुटले आणि मुलीच्या हस्ताक्षरातली सूचना मात्र आम्ही निष्ठेने वाचली. घरी परत आल्यावर ती रडवेली होऊन मला म्हणाली, “आजोबा, मला माहीत होतं, पण मला वाटलं तुम्हालापण माहीत असेल.” मुलाला ठाऊक असलेली गोष्ट घराला ठाऊक नसणे, आणि ती ठाऊक नाही हे मुलाला न कळणे, ह्या एका फटीत द्विभाषी शाळेचा सगळा कूटप्रश्न सामावलेला आहे, असे मला त्या दिवसापासून वाटते.

ही फट बुजविण्याऐवजी ती मुद्दाम रुंद करण्याचा काळही होऊन गेला आहे, आणि तो फार जुना नाही. ओंटारियो प्रांताने १९१२ साली काढलेल्या सतराव्या नियमाने फ्रेंचमधून शिकविण्याची मुभा प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन वर्षांपुरती आखडून टाकली. ओटावातील गीग शाळेत हुकूम न मानणाऱ्या देलोज भगिनींना शिक्षिकेच्या जागेवरून काढू नये, म्हणून १९१६ च्या जानेवारीत मुलांच्या आयांनी शाळेभोवती पहारा दिला, आणि त्या काळच्या टोप्यांना लावण्याच्या लांब टाचण्या, कात्र्या, लाटणी हीच त्यांची शस्त्रे होती. ह्याच लढ्यासाठी १९१३ मध्ये ‘ल द्रुआ’, म्हणजे ‘हक्क’, ह्या नावाचे वृत्तपत्र ओटावात निघाले. १९२७ पासून त्या नियमाची अंमलबजावणी थांबली, १९४४ मध्ये तो आपोआप संपला, आणि प्रांताच्या सरकारने त्याबद्दल विधिमंडळात क्षमा मागितली ती २०१६ मध्ये. मॅनिटोबात १८९६ च्या तडजोडीने मिळालेली द्विभाषी शिक्षणाची सवलत १९१६ मध्ये काढून घेण्यात आली. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने १९२१ च्या राज्यघटनेत सरकारी शाळांचे कामकाज इंग्रजीतच चालावे असे लिहून ठेवले, आणि खेळाच्या मैदानावर चुकून फ्रेंच बोललेल्या मुलांकडून, मी पुन्हा फ्रेंच बोलणार नाही, अशा अर्थाच्या ओळी वहीभर लिहवून घेतल्या गेल्या. त्या मुलांच्या घरी शाळेकडून जो कागद येई, तो आईबापांना वाचता येत नसे. आणि वाचता आला असता तरी त्यातून त्यांना, तुमची भाषा हा तुमच्या लेकराचा अपराध आहे, एवढेच कळले असते. त्या पिढीने पुढे आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणे सोडले, ह्यात नवल नाही.

ह्या पार्श्वभूमीवर मॉन्ट्रियलच्या दक्षिण तीरावरील सेंट लॅम्बर्ट ह्या उपनगरात जे घडले त्याचे महत्त्व कळते. तेथील इंग्रजी भाषिक पालकांपैकी काहींना, आपण फ्रेंच भाषिकांच्या शेजारी राहतो आणि आपली मुले शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंचचे तास गिरवूनही शेजाऱ्याशी दोन वाक्ये बोलू शकत नाहीत, ह्याची खंत वाटू लागली, आणि १९६३ मध्ये त्यांनी आपले एक अभ्यासमंडळ स्थापले. ऑल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलेरी नील ह्या तीन मातांची नावे त्या प्रयत्नाशी कायमची जोडली गेली आहेत. मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड ह्यांचा पाठिंबा त्यांनी मिळविला, शाळामंडळाकडे अर्जांमागून अर्ज केले, घरोघर माहिती पोहोचविली, आणि अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये बालवर्गापासून सर्व शिक्षण फ्रेंचमधून देणारा पहिला वर्ग उघडला. इंग्रजीचे तास दुसरीपासून येऊ लागत. लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर ह्यांनी त्या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करून १९७२ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात असे दिसून आले की इंग्रजीत ही मुले आपल्या बरोबरीच्या मुलांहून मागे पडली नाहीत, आणि फ्रेंचमध्ये नेहमीच्या तासांतून शिकणाऱ्यांच्या फार पुढे गेली, जरी त्यांचे बोलणे जन्मजात फ्रेंच भाषिकासारखे झाले नाही. मला ह्या ग्रंथात सर्वांत मोलाचे वाटते ते त्याचे परिशिष्ट: आकडे आणि कोष्टके संपल्यावर तेथे ऑल्गा मेलिकॉफ ह्यांनी पालकांच्या बाजूने लिहिलेली हकीकत दिली आहे. शास्त्रीय ग्रंथाने एका आईच्या कैफियतीस असे स्थान द्यावे, ही गोष्ट त्या काळी विरळा होती, आणि आजही फारशी आढळत नाही.

लॅम्बर्टने पुढे एक भेद केला, तो ह्या प्रश्नाची किल्ली आहे. ज्या मुलाची घरची भाषा समाजात प्रतिष्ठित आहे, त्याला दुसरी भाषा मिळाली की त्याच्या संपत्तीत भर पडते. ज्याच्या घरच्या भाषेस प्रतिष्ठा नाही, त्याला दुसरी भाषा मिळते ती पहिलीची जागा घेऊन. सेंट लॅम्बर्टचे मूल पहिल्या प्रकारचे होते. त्याच्या आईबापांस फ्रेंच येत नव्हते, पण शाळा त्यांना इंग्रजीत पत्र लिहीत होती, मुख्याध्यापक इंग्रजीत भेटत होते, आणि म्हणून शाळेत फ्रेंचचे राज्य असले तरी घर परके झाले नाही. आज क्वेबेकबाहेरच्या कॅनडात चार लाखांहून अधिक मुले अशा वर्गांतून शिकतात, १९७७ पासून ‘कॅनेडियन पेरेंट्स फॉर फ्रेंच’ ही पालकांची संघटना त्यांच्या पाठीशी उभी आहे, आणि त्या बहुतेक शाळांची पत्रके अद्याप इंग्रजीतच निघतात, वर ‘बोंझूर’ आणि खाली ‘मेर्सी’ एवढे फ्रेंच घालून.

परंतु साठ वर्षांत घर बदलले आहे. कॅनडातील ब्रॅम्प्टन, मिसिसागा, सरे ह्या शहरांतील फ्रेंच वर्गांत आज पंजाबी, तमिळ, अरबी, चिनी आणि मराठी घरांतली मुले बसतात. त्यांच्या घरी इंग्रजी ही देखील शिकून घेतलेली भाषा आहे, आणि शाळा मात्र पत्र लिहिताना इंग्रजी म्हणजे घराची भाषा असेच धरून चालते. ह्याचा परिणाम सर्वांत तीव्र होतो तो नावनोंदणीच्या वेळी. जेथे जागा थोड्या आणि अर्ज फार, अशा काही भागांत चिठ्ठ्या टाकून मुले घेतली जातात, तर काही ठिकाणी पालक आदल्या रात्रीपासून थंडीत रांग धरीत आले आहेत. नोंदणीची तारीख कोणास वेळेवर कळते? ज्याचे थोरले मूल आधीच त्या शाळेत आहे, ज्याला पत्रक येते, ज्याला ते वाचावयास सवड आहे, आणि ज्याच्या ओळखीपाळखीत ही बातमी फिरते त्याला. फ्रेंच वर्ग सुखवस्तू घरांचे राखीव कुरण होत चालले आहेत, ही टीका कॅनडात वारंवार होते. शिकण्यात अडखळणारी मुले त्यांतून लवकर बाहेर पडतात, हेही खरे आहे. त्या टीकेत मी एवढीच भर घालीन की हा भेद मुलाच्या बुद्धीपाशी सुरू होत नाही, तो सुरू होतो बातमीपाशी. नवागत कुटुंबास, तुमच्या मुलाने आधी इंग्रजी पक्के करावे, मग फ्रेंचचा विचार, असा सल्ला देणारे शिक्षक भेटतात. ज्या मुलाने दोन भाषा आधीच आत्मसात केल्या आहेत त्याला तिसरी जड जाईल, हे म्हणणे अनुभवास धरून नाही, आणि ते ऐकून मागे फिरलेल्या आईबापांच्या गमावलेल्या संधीची नोंद कोणत्याच दप्तरात राहत नाही.

ह्याच्या अगदी उलट अडचण फ्रेंच अल्पसंख्याकांच्या शाळेत येते. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कसनदेतील तेविसाव्या कलमाने इंग्रजीबहुल प्रांतांतील फ्रेंच भाषिकांस, आणि क्वेबेकात इंग्रजी भाषिकांस, पुरेशी संख्या असेल तेथे आपल्या भाषेतील शाळेचा हक्क दिला. आणि ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की हा हक्क कायद्याने मुलाच्या नव्हे तर पालकाच्या हाती ठेवला आहे. एडमंटनच्या माए प्रभृती पालकांनी तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, तेव्हा १९९० च्या मार्चमध्ये सरन्यायाधीश ब्रायन डिक्सन ह्यांनी निकाल दिला की संख्या पुरेशी असेल तेथे नुसती शाळा देऊन भागत नाही, तिच्या कारभारातही त्या पालकांना मुखत्यारी हवी. ओंटारियोत १९९८ पासून बारा फ्रेंच शाळामंडळे आपला कारभार स्वतः पाहतात. ह्या शाळा आपले पत्र फ्रेंचमध्ये लिहितात, आणि त्यामागचा विचार क्षुद्र नाही: बाजार, खेळ, चित्रपट, शेजार सारे इंग्रजीत चालत असताना फ्रेंचला राहावयास जी चार-दोन घरे उरली आहेत त्यांतले शाळा हे एक, आणि तिनेही इंग्रजीत बोलावयास सुरुवात केली तर उरलेली जागाही जाईल. ओंटारियो सरकारने २००४ साली ठरविलेले भाषिक धोरण ह्याच विचारावर उभे आहे.

तथापि ह्याच शाळांतील निम्म्याहून अधिक कुटुंबांत एक पालक फ्रेंच भाषिक आणि दुसरा इंग्रजी किंवा अन्य भाषेचा असतो. त्या दुसऱ्या पालकाच्या हाती फ्रेंच कागद पडतो, तो तो टेबलावर ठेवून देतो, शाळेच्या सभेस जात नाही, आणि हळूहळू घरात शाळेचे सारे ओझे एकाच माणसावर येऊन पडते. दोन्ही भाषांत समान पत्र काढावे असे एक पक्ष म्हणतो, इंग्रजीचा एक शब्दही नको असे दुसरा. मी ह्या वादात तटस्थ राहू इच्छीत नाही. समान स्तंभ हा ‘दर्पण’काराला शोभला, कारण त्याच्या दोन भाषांपैकी दुर्बळ भाषेला त्यामुळे प्रबळ भाषेच्या बरोबरीची जागा मिळाली, पण जेथे एक भाषा महापुरासारखी चारही बाजूंनी आत येते आहे, तेथे समान वाटणी केल्यास दोन्ही भाषा जाणणारा वाचकही सवयीने इंग्रजी स्तंभच वाचील आणि फ्रेंच स्तंभ शोभेपुरता उरेल. म्हणून अल्पसंख्याकांच्या शाळेने आपले पत्र पूर्णपणे फ्रेंचमध्ये लिहावे, आणि त्याच्या तळाशी तारखा, वेळ, आणि पालकाने काय करावयाचे आहे एवढे इंग्रजीत स्पष्ट द्यावे. शिवाय, रघुनाथपंतांनी शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, त्या धर्तीचा एक लहानसा शालेय व्यवहारकोश वर्षारंभी प्रत्येक घरी जावा: ‘झुर्ने पेदागॉझिक’ म्हणजे सुटी, ‘रांत्रे’ म्हणजे वर्षाचा आरंभ, ‘सोर्ती’ म्हणजे सहल. पन्नास शब्दांत काम भागते. ते पन्नास शब्द येऊ लागले की इंग्रजी पालकही सभेत येऊन मागच्या बाकावर बसण्याचे धैर्य करतो.

खुद्द फ्रान्समध्ये शाळा आणि घर ह्यांच्यामधील पत्रव्यवहाराची रीत निराळीच आहे. तेथे प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाच्या दप्तरात ‘काये द ल्येझों’ नावाची एक वही असते. शाळेची प्रत्येक सूचना तीत चिकटविली जाते आणि पालकाने ती वाचल्याची सही करून दुसऱ्या दिवशी परत पाठवावयाची असते. ही वही म्हणजे जणू सरकारी दप्तरातील आवक-जावक नोंद: सही नाही म्हणजे कागद पोहोचला नाही. पालक शाळेच्या फाटकापर्यंत येतो, आत क्वचितच जातो. ऑक्टोबरात रीतसर मतदानाने निवडलेले प्रतिनिधी शाळा-समितीत त्याची बाजू मांडतात. इंग्रजी परंपरेत पालकाने वर्गात येऊन वाचन घ्यावे, सहलीस सोबत जावे, केक करून विकावेत अशी अपेक्षा असते आणि पत्रकही त्याच सलगीने त्याच्याशी बोलते. फ्रेंच पत्राचा शेवट एखाद्या साध्या सूचनेच्या पाठीही इतक्या नम्र आणि ठराविक वचनाने होतो की जुन्या मराठी पत्रातील ‘कृतानेक नमस्कार विनंती विशेष’ हा मायना आठवावा; आणि फ्रेंचला आपल्यासारखेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असल्यामुळे पालकास कसे संबोधावे हा प्रश्न लेखणी उचलतानाच उभा राहतो, जो इंग्रजीत उद्भवतच नाही. म्हणून दोन भाषांच्या शाळेत एकाच पत्राचा नुसता तर्जुमा पुरत नाही. इंग्रजीतली सलगी फ्रेंचमध्ये उद्धट वाटते, फ्रेंचमधला अदब इंग्रजीत थंडपणा वाटतो; आणि फ्रान्समध्ये लेखी गृहपाठ प्राथमिक वर्गांस १९५६ पासून अधिकृतपणे मना असल्यामुळे, गृहपाठ कोठे आहे म्हणून विचारणाऱ्या इंग्रजी पालकास नुसत्या शब्दाचे भाषांतर देऊन चालत नाही, त्यामागचा शिरस्ता समजावून द्यावा लागतो.

ह्या दोन शिरस्त्यांचा संसार एका छपराखाली कसा चालतो ते पाहावयाचे तर ऑस्ट्रेलियाच्या राजधानीतील टेलोपिया पार्क शाळेकडे पाहावे. १९२३ मध्ये उघडलेली ही सरकारी शाळा १९८३ मध्ये फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया ह्यांच्यातील तहाने उभय राष्ट्रांची शाळा झाली. अगदी लहान वर्गांत फ्रेंचचा वाटा अधिक, पुढे दोन्ही भाषांचा बरोबरीचा, अशी तिची रचना आहे. पॅरिसमध्ये जानिन मान्युएल ह्यांनी १९५४ मध्ये काढलेली द्विभाषी शाळा, आणि लंडनच्या विक्स शाळेत २००६ पासून चाललेला फ्रेंच-इंग्रजी संयुक्त वर्ग, ही त्याच जातीची उदाहरणे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील सरकारी शाळांत असे वर्ग सुरू झाले तेही पालकांच्याच पुढाकारामुळे. अनेक ठिकाणी अशा शाळांच्या मुळाशी कोणी आईबापच सापडतात, आणि शाळा रुळल्यावर नेमके तेच कागदावर शेवटी येतात, ही विसंगती मला सारखी टोचते.

लुइझियानातील प्वँतोशियँ ह्या खाडीकाठच्या गावातही शाळेच्या मुळाशी आईबापच होते. तेथील आदिवासी जमातीची मुले ज्या प्राथमिक शाळेत जात ती २०२१ मध्ये बंद करण्यात आली, त्याच वर्षी आयडा चक्रीवादळाने गाव उद्ध्वस्त केले, आणि तरीही त्या कुटुंबांनी राज्याच्या विधिमंडळाकडून २०२२ मध्ये कायदा करवून घेऊन २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपली फ्रेंच शाळा उघडली. ज्या राज्याने शंभर वर्षांपूर्वी फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा केली, त्याच राज्याच्या तिजोरीतून आता त्यांना फ्रेंच शिकविले जाते. ती शिक्षा भोगलेल्यांची मुले आज आजीआजोबा झालेली आहेत, आणि शाळेने पाठविलेल्या चिठ्ठीत आपल्या वडिलांच्या तोंडचा शब्द छापलेला पाहून त्यांना काय वाटत असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

दोन साम्राज्यांच्या भांडणातून ज्या देशांना ह्या दोन भाषा मिळाल्या, तेथील कथा इतक्या सुखाच्या नाहीत. कॅमेरूनमध्ये २०१६ पासून पेटलेल्या कलहाची पहिली ठिणगी इंग्रजी विभागाच्या शाळांत आणि न्यायालयांत फ्रेंच परंपरेतील माणसे नेमल्याच्या तक्रारीतून उडाली. वानुआतूत १९०६ पासून १९८० पर्यंत ब्रिटिश आणि फ्रेंच अशी दोन सरकारे एकाच वेळी राज्य करीत होती, आणि दोन्ही भाषांच्या शाळा शेजारी शेजारी उभ्या असत, तर लोकांना परस्परांशी जोडणारी भाषा बिस्लामा त्या दोहोंबाहेर.

मॉरिशसचा विचार मात्र आपल्याला अधिक जवळचा आहे. १८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतले तेव्हा रहिवाशांच्या चालीरीती, कायदे आणि धर्म कायम ठेवण्याचे वचन दिले, आणि त्यामुळे राज्य इंग्रजी, समाज फ्रेंच अशी जी रचना झाली ती अद्याप चालू आहे. १९५७ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे खालच्या इयत्तांत मुलास सोयीची भाषा वापरावी आणि चौथीपासून माध्यम इंग्रजी असावे. फ्रेंच हा विषय सर्वांना. आणि घरी, मैदानावर, बाजारात क्रिओल. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कोकणातील मजुरांच्या वंशजांची मुले ह्या तीन भाषांपलीकडे शाळेत ऐच्छिक विषय म्हणून मराठी घेतात, आणि २०१२ पासून क्रिओललाही तेथे ऐच्छिक विषयाचे स्थान मिळाले आहे. गणेश चतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुटी. म्हणजे त्या बेटावरील प्राथमिक शाळा आपल्या सुट्यांची यादी घरी धाडते तेव्हा इंग्रजी वा फ्रेंच मजकुराच्या ओळींत एक शब्द असा येतो, जो त्या घरातील पणजीलाही न सांगता कळला असता. एका शब्दाने घर शाळेत आले, असे मी म्हणतो ते ह्या अर्थाने.

शाळेची भाषा आणि घराची भाषा ह्यांत तिसरीच भाषा उभी असेल तर काय करावे, ह्याचे उत्तर कॅनडातही शोधले गेले आहे. टोरंटो विद्यापीठातील जिम कमिन्स ह्यांनी १९७९ पासून हा विचार मांडला की मुलाच्या दोन भाषा डोक्यात वेगवेगळ्या कोठड्यांत राहत नाहीत, एकीतून मिळविलेली समज दुसरीच्या कामी येते. म्हणून घरची भाषा गाळून शाळेची भाषा पक्की होते ही समजूत चुकीची आहे. मिसिसागातील थॉर्नवुड शाळेत ह्याच विचारातून मुलांनी आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या मदतीने घरच्या भाषेत आणि इंग्रजीत गोष्टी लिहिल्या आणि त्यांची दोन भाषांची पुस्तके झाली. जी आई शाळेच्या पत्रापुढे निरक्षरासारखी उभी राहत होती, तिला येथे मुलाने अर्थ विचारला. शाळेच्या वृत्तपत्रकात महिन्याला असे एखादे पान आले, तर छापखान्याचा खर्च फारसा वाढणार नाही. एखाद्या आजीने सांगितलेली संक्रांतीची हकीकत मुलीने फ्रेंचमध्ये लिहावी, आजीने मराठीत, आणि दोन्ही एकाखाली एक छापावीत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने उत्तर अमेरिकेत ठिकठिकाणी मराठी शाळा भरतात. तेथे शिकलेले अक्षर त्या मुलांना त्यांच्या रोजच्या शाळेत कोठेच दिसत नाही, आणि जे अक्षर कोठेच दिसत नाही ते लिहावयाचे कशासाठी, असा प्रश्न आठ वर्षांच्या मुलाने विचारला तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

हल्ली पत्रक कागदावर न येता मोबाइलवर येते, आणि एक कळ दाबली की यंत्र ते मराठीतही करून देते. ही सोय मी कमी लेखीत नाही. जिच्या घरी कोणीच शब्दकोश उघडणारे नाही अशा मातेला तिने मोठाच आधार दिला आहे. परंतु यंत्राने केलेला तर्जुमा वाचक स्वतः मागवितो, शाळा तो त्याला देत नाही, आणि पत्र कोणाला उद्देशून लिहिले हे त्यामुळे बदलत नाही. सुट्यांचे आणि बसचे वृत्त यंत्रावर सोपवावे. पण मुलाच्या प्रगतीविषयी, त्याच्या एखाद्या अडचणीविषयी, शाळेच्या धोरणातील बदलाविषयी जे पत्र जाते, त्याला दुभाषी माणूसच हवा, आणि त्याची तजवीज शाळेच्या अंदाजपत्रकात असावयास हवी. आज ते काम बहुधा एखादा उत्साही पालक रात्री जागून, मोबदल्यावाचून करतो, आणि त्याचे मूल पुढच्या शाळेत गेले की थांबते.

त्या हिवाळ्यात शाळेचे पुढचे पत्र आले तेव्हा नात ते घेऊन स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसली. इंग्रजी ओळ मी वाचली, तिने तिच्या वहीतली फ्रेंच ओळ वाचली, आणि दोहोंत एकच तारीख आहे ह्याची आम्ही खात्री करून घेतली. मग तिने शीतकपाटाच्या दारावर, मेपलच्या पानाच्या आकाराच्या चुंबकाखाली तो कागद लावला, आणि माझ्या हातात पेन्सिल दिली. कागदाच्या समासात, इंग्रजी ओळीच्या खाली, मी मोठ्या अक्षरात लिहिले: शुक्रवार, शाळेस सुटी, शिक्षकांचा अभ्यासवर्ग. ‘भ्य’ हे जोडाक्षर तिला वाचता आले नाही. ते कसे काढतात ते तिने विचारून घेतले आणि माझ्या अक्षराखाली दोनदा गिरविले.